तोराची चांदी : डाळिंबे, मुकुट, मनोरे आणि एक बोट

उठावकाम

नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्या चांदीचे उठावकाम चालले. देवाचे टाक, प्रभावळी, पालखीच्या दांड्यांचे पत्रे असे काम आजोबा राळेवर पत्रा बसवून करीत. मी हातोडी सोडून लंडनमध्ये नोकरी धरली, पण ठोकलेली चांदी दिसली की आजही पाय थबकतात. येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात धार्मिक चांदीचे दालन आहे आणि तेथे ख्रिस्ती उपासनेच्या पेल्यांबरोबर यहुदी वस्तूही मांडलेल्या आहेत. पहिल्या भेटीत मला फक्त कारागिरी दिसली. चिन्हे वाचता आली नाहीत. त्यानंतर काही वर्षे जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते आज येथे मांडत आहे.

सुरुवात मूळ ग्रंथापासूनच करावी लागते. यहुदी प्रार्थनामंदिरात वाचली जाणारी तोरा म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची, चर्मपत्रावर हाताने लिहिलेली गुंडाळी. तिच्यावर चित्र नसते, वेलबुट्टी नसते, सोन्याची शाई चालत नाही, स्वरचिन्हेसुद्धा नसतात. काही अक्षरांच्या माथ्यावर बारीक रेघांचे तुरे असतात, तेवढाच तिचा शृंगार. एक अक्षर जरी तुटले तरी दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी वाचनातून बाजूला ठेवतात. शोभा करण्याची माणसाची सारी हौस म्हणून गुंडाळीच्या बाहेर आली : तिच्या वस्त्रावर, तिच्या दांड्यांवर, तिच्या पेटीवर. या हौसेला शास्त्राचा आधारही आहे. निर्गम या तोरेतील दुसऱ्या ग्रंथाच्या १५व्या अध्यायातील समुद्रगीतात देवाला शोभा आणण्याविषयी एक ओळ आहे आणि तालमुद या यहुदी धर्मशास्त्रचर्चेच्या ग्रंथातील आचार्यांनी तिचा अर्थ असा लावला की, आज्ञा पाळायचीच तर ती सुंदर रीतीने पाळावी; तोरा उत्तम शाईने, उत्तम बोरूने, कुशल लेखकाकडून लिहून घ्यावी आणि रेशमात गुंडाळावी. चांदीच्या या सगळ्या वस्तूंचे मूळ माझ्या मते या एका अर्थात आहे.

सर्वांत लहान वस्तू आधी घेतो. तिचे नाव ‘याद’, म्हणजे हात. वीतभर लांबीची चांदीची दांडी, मध्ये एखादी गाठ, वरच्या टोकाला साखळी आणि खालच्या टोकाला इवलीशी मूठ, तिची तर्जनी पुढे केलेली. गुंडाळीच्या लेखनाला उघड्या हाताने स्पर्श करायचा नाही, म्हणून वाचणारा या बोटाने ओळ धरतो. मी एका यादची मूठ भिंगातून बराच वेळ पाहिली. मनगटाला झालरीची बाही कोरलेली होती, मिटलेल्या बोटांवर नखे होती, आणि तर्जनीचे टोक मात्र इतके गुळगुळीत होते की तेथे छिन्नीची एकही खूण उरलेली नव्हती. माणसाच्या पूर्ण आकृतीविषयी संकोच बाळगणाऱ्या परंपरेने शरीरातील जो भाग निःसंकोच घडवला, तो ओळ दाखवणारे बोट हा आहे.

गुंडाळीच्या दोन लाकडी दांड्यांना ‘एत्झ हाइम’, म्हणजे जीवनवृक्ष म्हणतात. झाड म्हटले की फळ आले, आणि त्या दांड्यांच्या टोकांवर बसणाऱ्या चांदीच्या शेंड्यांचे नाव ‘रिमोनिम’, अर्थात डाळिंबे. त्यांना घुंगरे लावलेली असतात. निर्गमाच्या २८व्या अध्यायात प्रमुख याजकाच्या झग्याच्या काठावर आळीपाळीने डाळिंबे आणि सोन्याच्या घंटा लावण्याची आज्ञा आहे; पवित्रस्थानात जाता-येता त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून. यरुशलेमचे मंदिर इ.स. ७०मध्ये उद्ध्वस्त झाले, याजकाचा झगा राहिला नाही, परंतु डाळिंब आणि घंटा ही जोडी गुंडाळीच्या माथ्यावर आली. मंदिरात जे याजकाने नेसायचे, ते आता ग्रंथ नेसतो. हे लक्षात आल्यावर बाकीच्या वस्तू माझ्यासाठी आपोआप उलगडत गेल्या.

गुंडाळीच्या वस्त्रावर साखळीने लटकणारा पत्रा, ज्याला ‘तास’ म्हणतात, तोही याजकाच्याच अंगावरचा आहे. काही समाज त्याला ‘होशेन’ म्हणतात, आणि तेच याजकाच्या बारा रत्नांच्या उरपट्ट्याचे नाव. याजकाच्या कपाळावरच्या सोन्याच्या पट्टीचे वर्णन तालमुदात ‘तास’ याच शब्दाने केले आहे. जर्मनी, पोलंड आणि आसपासच्या अश्केनाझी समाजांत त्याला व्यवहारातले काम आहे. प्रार्थनामंदिरात अनेक गुंडाळ्या असतात आणि प्रत्येक सणाच्या वाचनासाठी एकेक गुंडाळी आधीच योग्य जागी आणून ठेवलेली असते. कोणती कशासाठी हे कळावे म्हणून तासाच्या मध्यभागी लहान चौकट ठेवतात आणि तिच्यात ‘शब्बाथ’ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) किंवा ‘पेसाह’, ‘सुक्कोथ’ या सणांचे नाव कोरलेली पट्टी सरकवतात. आमच्या आजोबांनी ठोकलेल्या टाकांशी त्याचे काम हुबेहूब जुळते : मागून उठाव, पुढून रेघ.

निळावंती

सुंदर लेख. दोन शंका आहेत. एक, डाळिंबात ६१३ दाणे असतात आणि तोरेतील आज्ञाही ६१३, म्हणून डाळिंब, असे मी वाचले होते. दोन, दहा आज्ञांत कोरीव मूर्ती करू नये असे स्पष्ट म्हटले असताना या चांदीवर सिंह आणि गरुड कसे काय येतात? माझ्या पाहण्यात आलेल्या छायाचित्रांत तर एका तासावर दोन दाढीवाले पुरुषही उभे होते.

उठावकाम

६१३ दाण्यांची समजूत लोकप्रिय आहे आणि गोड आहे, पण फळ फोडून मोजले तर दाण्यांची संख्या दर फळागणिक बदलते. तिला मोजमाप न मानता उपमा मानावे. आज्ञांनी गच्च भरलेला माणूस म्हणजे दाण्यांनी भरलेले डाळिंब, ही उपमा तालमुदात आहेच. मला स्वतःला याजकाच्या झग्याचे कारण अधिक मूळचे वाटते, कारण घुंगरांचा उलगडा त्याच कारणाने होतो. दाण्यांच्या हिशेबात घुंगरांना जागा नाही.

सिंहाविषयी. आज्ञेचा रोख पूजेसाठी केलेल्या मूर्तीवर आहे, असे बहुतेक शास्त्र्यांनी धरले, आणि प्राण्यांच्या आकृत्यांना तासाच्या पत्र्यावर वाट मिळाली. सिंह हा यहूदा वंशाचा. उत्पत्ती या तोरेतील पहिल्या ग्रंथाच्या ४९व्या अध्यायात याकोब आपल्या यहूदा या मुलाला सिंहाचा छावा म्हणतो. शिवाय ‘पिर्के आवोत’ या नीतिवचनांच्या जुन्या संग्रहात असे वचन आहे की, स्वर्गातील पित्याची इच्छा पाळण्यासाठी चित्त्यासारखा धीट, गरुडासारखा हलका, हरणासारखा चपळ आणि सिंहासारखा बलवान हो. पोलंडकडील चांदीवर हे चारही प्राणी एकत्र दिसले तर समजावे की वस्तूवर हे वचनच कोरले आहे, फक्त अक्षरांऐवजी प्राण्यांत. गरुडाला आणखी एक बाजू आहे. तो दोन डोक्यांचा असेल तर बहुधा सम्राटाच्या राजचिन्हाचा असतो, आणि त्या राज्यात राहणाऱ्या समाजाने आपली निष्ठा त्यातून सांगितलेली असते.

दाढीवाले पुरुष म्हणजे मोशे आणि त्याचा भाऊ, पहिला प्रमुख याजक अहरोन. एकाच्या हातात दहा आज्ञांच्या दोन पाट्या किंवा काठी, दुसऱ्याच्या हातात धूपपात्र. जर्मन भाषकांच्या मुलखात १७व्या-१८व्या शतकांत ही जोडी सर्रास घडवली गेली. त्यांच्या दोन्ही बाजूंचे खांबही पाहावेत. ते शलमोन राजाच्या यरुशलेममधील मंदिरापुढील याखीन आणि बोअझ हे दोन खांब आहेत, पण त्यांचा पिळदार आकार युरोपातील बरोक इमारतींचा आहे. असेच खांब छापील हिब्रू पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही असत, आणि कारागीर पुष्कळदा ते पुस्तक समोर ठेवूनच काम करीत असावा, असे मला वाटते.

कारण कारागीर बहुधा यहुदी नसे. ही गोष्ट मी मूळ लेखात सांगायला हवी होती. जर्मन शहरांत सोनार-चांदीकारांच्या संघात यहुद्यांना प्रवेश नव्हता. फ्रँकफर्टच्या यहुदी गल्लीतील समाज आपला तास योहान व्हॅलेंटिन श्यूलरसारख्या ख्रिस्ती उस्तादाकडून घडवून घेई. हिब्रू न येणारा माणूस हिब्रू अक्षरे कोरणार, म्हणून जुन्या वस्तूंवर अधूनमधून चुकलेली अक्षरेही दिसतात. उलट येमेनमध्ये चांदीचे काम प्रामुख्याने यहुद्यांच्याच हातात होते. तेथील मुसलमान वधूचे दागिनेही तेच घडवीत. तारकाम आणि रवाकाम यांत त्यांचा हात इतका बसलेला होता की, यरुशलेममध्ये १९०६ साली बेझालेल ही कलाशाळा निघाली तेव्हा येमेनी चांदीकारांना तेथे काम मिळाले. शाळेचे नावही समर्पक आहे : निवासमंडपाची, म्हणजे वाळवंटातील तंबूच्या देवालयाची, सारी धातूची आणि लाकडाची कामे ज्याच्यावर सोपवली, तो तोरेतील कारागीर म्हणजे बेझालेल. लंडनमध्ये अब्राहाम लोपेस दे ओलिवेरा आणि न्यूयॉर्कमध्ये मायर मायर्स हे १८व्या शतकातील यहुदी चांदीकार स्वतःच्या शिक्क्याने रिमोनिम घडवीत. अमेरिकेतील न्यूपोर्टच्या सिनेगॉगसाठी, म्हणजे प्रार्थनामंदिरासाठी, मायर्सने घडवलेली जोडी प्रसिद्ध आहे.

हेखाल

मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातील मराठी यहुद्यांपैकी. धागा वाचून फार आनंद झाला. आपण वर्णन केलेले वस्त्र आणि तास मात्र आमच्याकडे तुम्हाला दिसणार नाहीत. आमच्याकडील सेफेर तोरा, म्हणजे तोरेची गुंडाळी, ‘तिक’मध्ये असते. तिक म्हणजे लाकडी, उभी, गोल पेटी. ती दोन दारांसारखी उघडते आणि गुंडाळी आतच उभी राहते. वाचनही ती उभीच ठेवून करतात, युरोपातल्यासारखी मेजावर आडवी घालून नव्हे. बगदादी समाजाच्या, म्हणजे इराककडून आलेल्या यहुद्यांच्या, तिकांवर बहुधा चांदीचा पत्रा मढवलेला असतो. मुंबईत भायखळ्याचे मागेन डेव्हिड आणि पुण्यातील लाल देऊळ ही डेव्हिड ससून यांनी १८६०च्या दशकात उभारलेली सिनेगॉग बगदादी परंपरेची आहेत, त्यामुळे ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही.

रिमोनिम आमच्याकडेही असतात, तिकाच्या माथ्यावर. हेखालचा, म्हणजे तोरा ठेवण्याच्या कपाटाचा, पडदा बाजूला झाला की तोरा दिसण्याच्या आधी घुंगरे ऐकू येतात. मी लहान असताना आजी वरच्या मजल्यावर बायकांच्या सज्जात बसत असे. तिला गुडघ्यांमुळे चटकन उठता येत नसे, म्हणून ती त्या आवाजाकडे कान लावून बसायची आणि पहिला नाद आला की कठड्याला धरून उभी राहायची. याजकाचा आवाज ऐकू यावा म्हणून घंटा, हे तुमचे वाक्य वाचताना मला तीच आठवली.

एक भर घालते. कोचीच्या परदेशी सिनेगॉगमध्ये तोरेचा सोन्याचा मुकुट आहे; तो १८०५ साली त्रावणकोरच्या महाराजांनी दिला. मुकुटाविषयी आपण काही लिहिले नाही, ते वाचायला आवडेल.

उठावकाम

ताई, आपल्या आजींचे चित्र मनात राहील. मुकुटाविषयी लिहितो.

‘केतेर’ म्हणजे मुकुट. ‘पिर्के आवोत’मध्येच रब्बी शिमोन यांचे वचन आहे की मुकुट तीन : तोरेचा, याजकपणाचा आणि राज्याचा, पण चांगल्या नावाचा मुकुट या तिन्हींच्या वर. राज्य गेले, याजकाचे मंदिर गेले, तोरेचा मुकुट तेवढा कोणालाही मिळवता येण्यासारखा उरला. काही मुकुटांवर एकावर एक तीन कडी असतात, ती हीच. पूर्व युरोपातील मुकुटाचा आकार पाहिला तर तो थेट तेथील राजाच्या मुकुटाचा असतो, पाकळ्या वर जाऊन मध्ये मिळालेल्या. ज्या राजाच्या राज्यात आपल्याला जमीन घेता येत नाही, त्याच्या मुकुटाचा आकार उचलून तो ग्रंथाच्या डोक्यावर ठेवायचा, यात मला मोठा स्वाभिमान दिसतो.

कसोटी

मी सराफी व्यवसायात आहे, त्यामुळे कस आणि शिक्के यांविषयी थोडे. जर्मन चांदी ‘लोट’मध्ये मोजली जाई, १६ लोट म्हणजे शुद्ध, त्यामुळे १३ लोट म्हणजे हजारात ८१२.५ भाग. आउग्सबुर्ग शहराचा शिक्का पाइनच्या बोंडाचा आहे. रशियन साम्राज्यातील वस्तूंवर ‘८४’ हा आकडा दिसतो, तो ९६ झोलोत्निकांपैकी ८४, म्हणजे हजारात ८७५. हे सांगण्याचे कारण असे की या वस्तूंच्या बाजारात लबाडी पुष्कळ आहे. जुना, खऱ्या शिक्क्याचा साधा पेला घेऊन त्यावर नंतर हिब्रू ओळ कोरली की तो किद्दुशचा (शब्बाथ-सणाच्या द्राक्षरसावरील आशीर्वादाचा) पेला म्हणून कितीतरी महाग जातो. शिक्का खरा असतो, लेख खोटा. भिंगाखाली कोरलेल्या रेघेच्या कडा पाहाव्यात : आजूबाजूची चांदी घासून मऊ झालेली आणि अक्षराची कड मात्र धारदार असेल, तर संशय घ्यावा.

दुसरे कळकळीचे सांगणे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे रिमोनिमची एक जोडी आली होती. तिचे एक घुंगरू तुटले, म्हणून मालकांनी ती एका पेढीत दुरुस्तीला दिली. तेथील कारागिराने कथलाचा डाग देऊन घुंगरू चिकटवले आणि वर सगळी जोडी बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरून लख्ख करून दिली. पाकळ्यांवरच्या बारीक रेघा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या, मुलामा कडेकडेने उडाला होता. कथील आणि शिसे तसेच राहू देऊन पुढे कोणी चांदीचा डाग देण्यासाठी ज्योत लावली असती, तर त्या तापमानाला त्यांनी चांदीला खड्डे पाडले असते. मला ते सगळे कथील हाताने खरवडून काढायला चार दिवस लागले. घरच्या घरी रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासणेही कृपया थांबवा. मऊ सुती कापड आणि अगदी गरज पडली तर साध्या साबणाचे कोमट पाणी पुरे. खाचांमधला काळेपणा राहू द्यावा, त्यानेच उठाव दिसतो.

निळावंती

मूळ लेखकांस विनंती : शीर्षकात ‘मनोरे’ आहेत, त्यांचे काय?

उठावकाम

मनोऱ्यांसाठी शनिवारची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी लागेल. शब्बाथ संपताना हावदाला हा विधी होतो : द्राक्षरसाचा पेला, अनेक वातींची पिळाची मेणबत्ती आणि सुगंधी मसाला, बहुधा लवंग-दालचिनी. शब्बाथला माणसाला एक जादा आत्मा लाभतो आणि तो निघून जाताना जी हुरहूर लागते, तिच्यावर उतारा म्हणून सुगंध घ्यायचा, असे मानतात. हा मसाला ठेवण्यासाठी युरोपात चांदीचे मनोरे घडवले जाऊ लागले. फ्रँकफर्टमध्ये १६व्या शतकाच्या मध्याला घडवलेला असा एक मनोरा न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये आहे. खिडक्या, सज्जे, वर निमुळते छप्पर आणि टोकाला फडकणारे इवलेसे निशाण, असा पुढे त्यांचा थाट ठरून गेला. खिडक्यांच्या जाळीतून वास बाहेर येतो.

मनोराच का? गीतरत्न या बायबलमधील प्रेमगीतांच्या ग्रंथाच्या ५व्या अध्यायात प्रियकराच्या गालांना सुगंधाच्या मनोऱ्यांची उपमा आहे. त्याच वेळी हा आकार गॉथिक देवळांचा आणि त्यांतील धूपपात्रांचाही आहे, जी तेच कारागीर चर्चसाठी घडवीत होते. मला यात दोन्ही कारणे खरी वाटतात. कारागिराच्या हातात बसलेला आकार होता आणि समाजाकडे त्याला अर्थ देणारे वचन होते.

मनोऱ्यांचा सर्वांत हेलावणारा प्रवास माझ्या मते रिमोनिमचा आहे. स्पेनमधील पाल्मा दे मायोर्का येथील ख्रिस्ती कॅथीड्रलच्या खजिन्यात १५व्या शतकातील एक जोडी आहे, आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या जोड्यांपैकी. ती सिसिलीतील काम्माराता गावच्या यहुद्यांची. आकार चौकोनी मनोऱ्याचा, कमानी मुसलमानी घाटाच्या, आणि अंगावर हिब्रू लेख. स्पेनच्या राजसत्तेने १४९२मध्ये यहुद्यांना हाकलले, तेव्हा सिसिलीही त्याच सत्तेखाली होती. डाळिंबे मागे राहिली आणि पुढे कॅथीड्रलमधील मिरवणुकीच्या काठ्यांवर चढली. हिब्रू अक्षरे कोणी खोडली नाहीत, म्हणून आज आपल्याला त्यांचे गाव ठाऊक आहे.

दर्यावर्दी

याच संदर्भात दान्झिग, म्हणजे आजचे ग्दान्स्क, येथील समाजाची हकीकत नोंदवतो. नाझी सत्तेच्या छायेत तेथील यहुद्यांनी १९३९मध्ये आपली विधिपात्रे पेट्यांत भरून न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीकडे पाठवली. अट अशी घातली की १५ वर्षांनी दान्झिगमध्ये सुरक्षित, स्वतंत्र यहुदी समाज असेल तर सर्व वस्तू परत द्याव्यात. नसेल तर त्या तेथेच ठेवून अमेरिकेतील लोकांना दाखवाव्यात. १९५४ साली परत घ्यायला समाज उरला नव्हता. जे लोक वाचले, ते जगभर पांगलेले होते. त्या पेट्यांतील एकेक तास आता काचेमागे आहे, सणाच्या पट्ट्यांसकट.

हेखाल

आज धीर करून विचारते. आमच्या कुटुंबाने आमच्या सिनेगॉगला दिलेली रिमोनिमची एक जोडी आहे. ‘कसोटी’ यांचे वाचून ती मी काल भिंगाने पाहिली. बुडाच्या कड्यावर हिब्रूत एक ओळ आहे आणि खाली देवनागरीत एका बाईचे नाव, त्यापुढे ‘हिचे स्मरणार्थ’. हिब्रू ओळीच्या शेवटी ताव, रेश, मेम, दालेत ही चार अक्षरे सुटी आहेत आणि त्यांचा शब्द लागत नाही. ते काय असावे?

उठावकाम

ते वर्ष आहे. हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते : ताव ४००, रेश २००, मेम ४०, दालेत ४. बेरीज ६४४. हजारांचा आकडा लिहीत नाहीत, तो ५००० धरायचा, म्हणजे ५६४४. यहुदी वर्ष शरद ऋतूत सुरू होते, त्यामुळे आपल्या हिशेबाने १८८३चा शरद ते १८८४चा शरद. शेवटच्या दोन अक्षरांमध्ये वर दोन बारीक रेघा असतील, तीच आकड्याची खूण. तेवढ्या पाहून सांगा.

हेखाल

आहेत. दोन्ही डाळिंबांवर आहेत. आमचे पणजोबा लहान असताना त्यांची आई रेवदंड्याला पटकीत गेली आणि त्यानंतर वडील त्यांना घेऊन मुंबईला आले, एवढेच घरात सांगत असत. ती कोणत्या साली गेली हे कोणालाही ठाऊक नव्हते. देवनागरीतले नाव तिचेच आहे.